ओल्ड स्कूल रुनस्केप : ०.६ सेकंदांच्या घड्याळावर चालणारा खेळ

परदेशातल्या सर्व्हरवर ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्या प्रत्येकाला आपल्या पिंगचा आकडा तोंडपाठ असतो. पुण्याहून इंग्लंडमधल्या सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला साधारण दीडशे मिलिसेकंद लागतात, आणि कितीही महागडे कनेक्शन घेतले तरी मधला समुद्र काही आटत नाही. बहुतेक खेळांत याचा भुर्दंड प्रत्येक लढाईत बसतो. केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’ तो जवळजवळ माफ करतो, आणि याचे श्रेय कोणत्याही आधुनिक तंत्राला नसून त्याच्या मूळच्या संथपणाला आहे.

मूळ रुनस्केप जानेवारी २००१ मध्ये आला. तो पुढे इतका बदलत गेला की जुन्या खेळाडूंच्या मागणीवरून कंपनीने ऑगस्ट २००७ ची जपून ठेवलेली प्रत २२ फेब्रुवारी २०१३ रोजी ‘ओल्ड स्कूल’ या नावाने पुन्हा सुरू केली. त्या प्रतीबरोबर जुने घड्याळही आले. या खेळात सर्व्हर दर ०.६ सेकंदांनी एकदा जगाचा हिशेब करतो. या ठोक्याला खेळाडू ‘टिक’ म्हणतात. चालताना एका टिकमध्ये जमिनीवरचे एक घर (पटावरच्यासारखा चौकोन) आणि धावताना दोन घरे पुढे सरकता येते. नेहमीच्या मंत्रसंग्रहातले लढाऊ मंत्र दर पाच टिकांनी, म्हणजे तीन सेकंदांनी, सोडता येतात. दोन टिकांच्या मधे कितीही क्लिक केले तरी ते पुढच्या ठोक्याची वाट पाहत थांबतात. स्टँडवरून ठरल्या वेळी सुटणाऱ्या एसटीत अर्धा तास आधी आलेला आणि शेवटच्या क्षणी धावत आलेला असे दोघेही एकाच वेळी निघतात, तसेच हे आहे. सर्व्हरच्या शेजारी राहणाऱ्या खेळाडूचा क्लिकसुद्धा सरासरी ३०० मिलिसेकंद खोळंबतो, आणि त्यात आपल्या जाणाऱ्या संदेशाचे सत्तर-ऐंशी मिलिसेकंद मिळवले तरी पारडे फारसे झुकत नाही.

या खेळाची खरी करामत अशी की चालणे आणि मंत्र सोडणे या दोन्ही गोष्टी एकाच घड्याळावर बांधलेल्या आहेत. तुलनेसाठी २७ ऑगस्ट २०१९ रोजी आलेला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’ पाहावा. ब्लिझार्ड या त्याच्या कंपनीने त्यात जुन्या खेळाचा अनुभव टिकवण्यासाठी मंत्रांचा निकाल ४०० मिलिसेकंदांच्या गठ्ठ्यांत लावण्याची पद्धत मुद्दाम परत आणली, पण चालणे मात्र खेळाडूच्या पडद्यावर अखंड आणि तात्काळ दिसत राहिले. परिणामी दोन जादूगार एकमेकांना एकाच क्षणी मेंढी बनवून टाकत, आणि खांबाआड पोहोचलेल्या माणसालाही मंत्र लागे. ती पद्धत पुढे काढून टाकली गेली, यात नवल नाही. पाय एका वेळेत आणि मंत्र दुसऱ्या वेळेत असले की खेळाडूला फसवल्यासारखे वाटते. रुनस्केपमध्ये दोन्ही सारखेच संथ असल्यामुळे ही तक्रार उद्भवत नाही.

मंत्रांची रचनाही या संथपणाला साजेशी आहे. इथे मंत्र पुटपुटत एका जागी उभे राहावे लागत नाही. मंत्र सुटला की त्याच्यासाठी लागणारे रून, म्हणजे मंत्रांना खर्ची पडणारे जादुई दगड, थैलीतून जातात आणि जादूगार पुढच्या टिकला चालू लागू शकतो. सर्वांत प्राथमिक ‘विंड स्ट्राइक’ला एक एअर रून आणि एक माइंड रून पुरतो, तर ‘आइस बॅरेज’ला चार डेथ, दोन ब्लड आणि सहा वॉटर रून मोजावे लागतात, आणि त्या बदल्यात शत्रू सुमारे वीस सेकंद जागच्या जागी गोठतो. बारकाईने पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. मंत्राने किती इजा होणार, हे तो सुटतानाच ठरलेले असते. शत्रूच्या अंगावर आकडा मात्र अंतराच्या प्रमाणात उशिरा उमटतो. अनुभवाचे गुण लगेच जमा होत असल्याने कसलेला खेळाडू त्यांवरूनच घाव किती बसणार ते ओळखतो आणि मंत्र हवेत असतानाच पुढची चाल ठरवतो. लॅग (हा विलंब) लपवण्याऐवजी त्याचेच कौशल्य करण्याचा असा नमुना मी अन्य खेळांत क्वचितच पाहिला आहे.

‘फाइट केव्ह’ या गुहेतील शत्रूंच्या त्रेसष्टाव्या लाटेला येणारा ‘जाड’ हा राक्षस या शिक्षणाची परीक्षा घेतो. कमाल आरोग्य ९९ असलेल्या खेळात त्याचा एक घाव ९७ पर्यंत जातो, परंतु तो मंत्र टाकणार की दुरून मारा करणार, हे त्याच्या हालचालीवरून कळते आणि त्या माऱ्यापासून वाचवणारी योग्य प्रार्थना निवडण्यापुरती उसंत मिळते. ही उसंत टिकांमध्ये मोजलेली असल्यामुळे भारतातल्या खेळाडूला येथे रडीचा डाव वाटत नाही. हरलो तर चूक आपलीच, हे मुकाट मान्य करावे लागते.

आता उणे बाजू. पहिली म्हणजे पडदा खरे सांगत नाही. धावताना दिसणारे पात्र सर्व्हरवरच्या आपल्या खऱ्या जागेच्या मागे रेंगाळत असते, त्यामुळे आगीच्या घरातून बाहेर पडलेला नवखा खेळाडू पडद्यावर अजून आगीतच असतो, आणि कधी याच्या उलट घडते. ‘रुनलाइट’ या मुक्तस्रोत क्लायंटमध्ये (खेळ चालवण्याच्या पर्यायी प्रोग्राममध्ये) खरे घर रंगवून दाखवण्याची आणि टिकांचा ठोका ऐकवण्याचीही सोय आहे. मात्र ज्या नियमावर संपूर्ण खेळ उभा आहे तो शिकण्यासाठी बाहेरच्या साधनाकडे जावे लागावे, हे मला पटत नाही. दुसरी गोष्ट खेळाडूंमधील लढतींची. एकाच टिकमध्ये दोघांनी हालचाल केली तर आधी कोणाची धरायची, हे प्रत्येकाला मिळालेल्या एका छुप्या क्रमांकावर ठरते. तो अधूनमधून बदलत राहतो खरा, पण तोवर नशीब दुसऱ्याच्या बाजूला असते.

तिसरी अडचण आपल्याकडच्या जोडण्यांची आहे. हा खेळ स्थिर विलंब सहज पचवतो, अस्थिर विलंब नाही. पिंग सतत दीडशे राहिला तर हात आपोआप तेवढ्या अंदाजाने आधी चालतात. तोच ऐंशी आणि चारशेच्या मधे उड्या मारू लागला, तर कोणता क्लिक कोणत्या टिकमध्ये पडेल याचा भरवसा उरत नाही. ऑक्टोबर २०१८ पासून हा खेळ मोबाइलवरही त्याच खात्याने खेळता येतो, आणि मासे पकडणे किंवा झाडे तोडणे यांसाठी धावत्या लोकलमधला मोबाइल डेटासुद्धा पुरेसा असतो. तिथून जाडला आव्हान देणे मात्र वेडेपणाचे ठरेल. एकच जीव असलेल्या ‘हार्डकोर आयर्नमॅन’ प्रकारात तर जोडणी तुटली तरी मृत्यू हा मृत्यूच धरला जातो, म्हणून डळमळीत नेटवर तो प्रकार निवडूच नये.

खेळाची मोफत आवृत्ती टिकांचा अंदाज येण्यास पुरेशी आहे. आइस बॅरेज आणि फाइट केव्ह मात्र सभासदांसाठी राखीव आहेत, आणि सभासदत्व पैशांऐवजी खेळातल्या सोन्याने घेतलेल्या ‘बाँड’ या वस्तूवरही मिळवता येते. सर्व्हर निवडताना यादीतला सर्वांत कमी पिंगचा आकडा पाहून भुलू नये, काही मिनिटे चालत राहून तो किती हलतो ते पाहावे, आणि गर्दीने भरलेले ‘जग’ (यादीतला एकेक सर्व्हर) टाळावे, कारण तिथे सर्व्हरवर ताण आला की टिकच ०.६ सेकंदांहून लांबू लागते.