बिहारात इथेनॉल की उत्तर प्रदेशात बायोगॅस?

जैवइंधनात पैसा घालायचा तर ही दोन राज्यं डोळ्यांत भरतात. दोघंही अनुदान देतात, पण ते मोजण्याची रीत वेगळी आहे आणि खरी मेख तिथेच आहे.

बिहारने इथेनॉल धोरण 2021 मध्ये आणलं. यंत्रसामग्रीच्या खर्चावर 15 टक्के, पण कमाल 5 कोटी. म्हणजे यंत्रांवर 33 कोटींच्या वर कितीही ओता, मदत तिथेच थांबते. 100 कोटींच्या यंत्रांवर ती 5 टक्केच पडते. उत्तर प्रदेशचं 2022 चं जैवऊर्जा धोरण कॉम्प्रेस्ड बायोगॅसला (शुद्ध करून दाबाखाली भरलेला बायोगॅस) रोजच्या एक टन क्षमतेमागे 75 लाख देतं, कमाल 20 कोटी. दहा टनांच्या प्लांटला साडेसात कोटी झाले. वर मुद्रांक शुल्क माफ.

कच्च्या मालात बिहार वरचढ. पूर्णिया-कटिहार पट्ट्यात रब्बीचा मका मुबलक, गुलाबबागची मंडी हाताशी. पण मक्याला आता गिऱ्हाईक फार. इथेनॉलच्या मागणीमुळे 2024 मध्ये देशाला तो आयात करावा लागला आणि पोल्ट्रीवाल्यांचं खाद्य महागलं. मला हे मनापासून खुपतं.

बायोगॅसला लागणारा भाताचा पेंढा मात्र शेतातच पेटवला जातो; तो उचलला तर धूर तरी वाचतो. काम सोपं नाही. टनभर गॅसला साधारण दहा टन पेंढा लागतो, म्हणजे दहा टनांच्या प्लांटला रोज शंभर टन. गव्हाच्या पेरणीआधीच्या मोजक्या आठवड्यांत वर्षाची बेगमी करायची: बेलर (पेंढ्याचे गठ्ठे बांधणारं यंत्र), ट्रॉल्या, गंज्यांना जागा, आगीचा विमा. प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, साखर कारखान्यातून आयता मिळतो, पण उघड्यावर पडला की तापतो आणि गॅस घटतो. गॅस काढल्यावर मागे उरलेली स्लरी, म्हणजे पातळ गाळ, खत म्हणून खपवायची जबाबदारीही तुमचीच.

इथेनॉलचा भाव आणि खरेदी राज्याच्या हातात नाही, हे विसरू नका. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राच्या एका आदेशाने उसाच्या रसाचं इथेनॉल अडकलं, तेव्हा आपल्याकडच्या कारखान्यांची काय धांदल उडाली ते आपण पाहिलंय. आता तर 2025-26 साठी तेल कंपन्यांनी पेट्रोलमध्ये मिसळायला सुमारे 1,050 कोटी लिटर मागितलं आणि उत्पादकांनी 1,776 कोटी लिटर देऊ केलं. अशा गर्दीत नवा इथेनॉल प्लांट टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पेंढ्याचा किंवा प्रेसमडचा निदान पाच वर्षांचा लेखी करार जमत असेल तर उत्तर प्रदेश निवडा. मात्र ते धोरण पाच वर्षांचंच आहे, तेव्हा अर्जाची मुदत आधी तपासा, जमीन नंतर बघा.