बेली बँड: टांग वर करणाऱ्या छोट्या नर कुत्र्यासाठी

कुणी सोडून दिलेला नर पॉमेरियन घरी घ्यावा की नाही, हे बऱ्याचदा सोफ्याच्या पायावर अडतं: तो घरातच टांग वर करून तिथे लघवी करतो. कापडी बेली बँड, म्हणजे आत पॅड लावून कुत्र्याच्या कमरेभोवती गुंडाळायचा पट्टा, हा त्यावर कामचलाऊ तोडगा आहे, इलाज नव्हे.

माप मागच्या पायांच्या पुढे, शिश्न झाकलं जाईल असं कमरेभोवती घ्या. दोन बोटं आत सरकली पाहिजेत. ढिला असेल तर केसांवरून घसरतो आणि सगळं बाहेर. वेल्क्रोत केस अडकून पकड जाते, म्हणून धुताना तो चिकटवूनच धुवा. पॅड ओलं झालं की लगेच बदला, नाहीतर कातडी लाल होते. फिरायला नेताना काढायचं विसरू नका (विसरतातच!).

त्याआधी लघवी तपासून घ्या. थेंबथेंब होत असेल, जोर लावावा लागत असेल तर मूतखडा असू शकतो. नराची मूत्रनलिका अरुंद, पूर्ण तुंबली तर जिवावर बेततं. नसबंदीने पुष्कळांची खोड कमी होते, मुरलेली सवय मात्र रेंगाळते. डागांवर एन्झाइमचा क्लीनर वापरा. अमोनियाचा क्लीनर नको, त्याचा वास कुत्र्याला लघवीसारखाच.

एकाने भागत नाही. तीन घ्या: एक अंगावर, एक धुण्यात, एक दोरीवर.