चिऱ्याची वाकडी भिंत आणि पुस्तकांचे उभे कपाट: आधार कोणता निवडावा?

तयार मिळणारे पुस्तकांचे कपाट सरळ भिंत आणि सपाट जमीन गृहीत धरून बनवलेले असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जांभ्या चिऱ्याच्या जुन्या घरांत या दोन्ही गोष्टी क्वचितच एकत्र मिळतात. चिरे हाताने तासलेले असतात, गिलावा कुठे अर्धा इंच तर कुठे दीड इंच असतो, आणि एखाद्या भिंतीला मध्येच पोट आलेले असते. त्यामुळे कपाट खाली भिंतीला चिकटते आणि वर तीन बोटे सुटून राहते, किंवा भिंतीच्या पोटावर टेकून डुलत राहते. ते पक्के करण्याचे चार-पाच मार्ग प्रचलित आहेत. त्यांपैकी कोणता घ्यावा हे ठरवण्यापूर्वी आधाराला नेमके किती बळ लागते, ते पाहणे उपयोगी ठरेल.

सहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि एक फूट खोल अशा पाच कप्प्यांच्या कपाटात, प्रत्येक कप्प्यात वीस किलोच्या आसपास पुस्तके धरली, तर कपाटाच्या स्वतःच्या वजनासह एकूण भार सुमारे 130 किलो होतो. हा आकडा मोठा वाटतो. पण असे कपाट ओळंब्यात उभे असताना त्याच्या वरच्या कडेला पुढे ओढून कलंडायला लावण्यासाठी साधारण अकरा किलोंची ओढ पुरते. याचे दोन अर्थ निघतात. बांधल्याशिवाय कपाट सुरक्षित नाही, हा पहिला. दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे: वरच्या आधाराला फार मोठे बळ लागत नाही, त्यामुळे स्क्रू किती जाड आहे यापेक्षा तो कशात बसला आहे, हा खरा प्रश्न आहे. भरलेल्या कपाटापेक्षा रिकामे किंवा अर्धवट भरलेले कपाट लहान मुलाच्या चढण्याने लवकर पुढे येते, हेही लक्षात ठेवावे. 2021 च्या पुरानंतर चिपळूणसारख्या ठिकाणी ज्यांनी खालचे कप्पे रिकामे ठेवून पुस्तके वर नेली असतील, त्यांच्या कपाटाचा गुरुत्वमध्य वर गेला आहे आणि ते पूर्वीपेक्षा कमी कलातच तोल सोडेल.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पुढच्या पायांखाली पाचर ठोकून कपाट किंचित मागे कलते करणे. यात भिंतीला भोक पडत नाही आणि भाड्याच्या घरात कुणाची परवानगी लागत नाही. मात्र हा आधार केवळ कलाचा आहे. धक्का बसला किंवा मूल चढले, तर त्याला धरून ठेवणारे काहीही नसते. शेणाने सारवलेल्या जमिनीत पाचर हळूहळू रुतते, म्हणून तिथे चारही पायांखाली सलग फळी घालावी लागते. कपाट आडवे-उभे समतल करण्याची पहिली पायरी म्हणून पाचर हवीच, परंतु एवढ्यावर काम संपले असे समजू नये.

दुसरा मार्ग एल आकाराच्या अँगलचा. अँगलची एक बाजू कपाटाच्या वरच्या फळीवर आणि दुसरी भिंतीत रावल प्लगमध्ये, म्हणजे भोकात बसवलेल्या आणि स्क्रू आवळला की फुगून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या नळीत, स्क्रूने बसवली जाते. काँक्रीटच्या खांबात किंवा चांगल्या विटेत हा मार्ग उत्तम आहे. चिऱ्याच्या भिंतीत त्याची अडचण वेगळीच आहे. कपाटाची रुंदी भोकांची जागा ठरवते, आणि ती जागा नेमकी दोन चिऱ्यांमधल्या दर्जेवर येऊ शकते. जुन्या घरांत ही दर्ज मातीची किंवा भुसभुशीत चुन्याची असते. तिथे प्लग फुगतो, पण धरत नाही. भिंत आत-बाहेर असेल तर अँगल तिच्यावर सपाट बसत नाही, आणि स्क्रू आवळताना एकतर अँगल वाकतो किंवा गिलाव्याचा पोपडा निघतो.

तिसरा, अलीकडे कपाटासोबतच मिळणारा नायलॉनचा पट्टा. भिंत कितीही वाकडी असली तरी पट्ट्याला फरक पडत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. पण तो सैल राहिला तर कपाट आधी पुढे झुकते आणि मग झटका देऊन थांबते, आणि तो झटका स्क्रूला सोसावा लागतो. शिवाय पट्टा कपाट पुढे पडण्यापासून अडवतो, डुलण्यापासून नाही. प्लास्टिकचे पट्टे काही वर्षांनी ठिसूळ होतात, म्हणून धातूच्या बकलचा विणलेला पट्टा घ्यावा. भाड्याच्या घरासाठी एकाच भोकात भागणारी ही तडजोड मला मान्य आहे.

चौथा मार्ग थोडा खटाटोपाचा आहे, पण स्वतःच्या चिऱ्याच्या घरात मी त्यालाच कौल देईन. कपाटाच्या माथ्याच्या पातळीला दोन इंच रुंद, इंचभर जाड सागाची आडवी पट्टी भिंतीत बसवावी, आणि कपाट त्या पट्टीला अँगलने जोडावे. यामुळे भिंतीतल्या भोकांची जागा आणि कपाटातल्या भोकांची जागा एकमेकांपासून सुटी होते. भिंतीवर हलके ठोकून, आवाज ऐकून, दर्ज टाळून जिथे घट्ट चिरा सापडेल तिथे तीन-चार स्क्रू घ्यावेत. कपाट पट्टीवर हवे तिथे धरता येते. भिंतीचा खड्डा-उंचवटा पट्टीमागे प्लास्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या चकत्या घालून भरून काढावा. चकत्या लाकडाच्या नसाव्यात, कारण पावसाळ्यात दारे जशी फुगतात तशा त्याही फुगतात आणि उन्हाळ्यात सैल पडतात.

जुन्या घरात भिंतीलगत लाकडी खांब किंवा हाताशी येणारी तुळई असेल, तर प्लगचा विचारच नको. स्क्रू थेट त्या लाकडात घ्यावा. फक्त लाकूड वाळवीने आतून पोखरलेले नाही, हे आधी टोचून पाहावे. नव्या फ्लॅटमध्ये पोकळ सिमेंट ब्लॉकची भिंत असल्यास साधा प्लग निसटतो. तिथे बीम किंवा कॉलम शोधणे शहाणपणाचे.

भिंतच गिलावा करून सरळ करून घ्यावी, असा सल्ला गवंडी हमखास देतात. केवळ एका कपाटासाठी तो खर्च मला पटत नाही. त्यातही पीओपीने खड्डे भरणे तर टाळावेच. ओल धरणाऱ्या भिंतीवर ते टिकत नाही.

मुळात कपाट भिंतीला चिकटावे हा आग्रहच कोकणात चुकीचा आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात सच्छिद्र जांभा पाणी ओढून घेतो, आणि भिंतीला लागलेल्या कपाटाच्या पाठीला जुलैपासून बुरशी धरते. दीड-दोन इंच फट मोकळी असेल तर वारा फिरतो आणि वाळवीने भिंतीवर काढलेली मातीची वाट वेळेवर दिसते. म्हणून फट बुजवण्याऐवजी ती मोजून ठेवावी आणि तेवढ्या अंतरावर कपाट घट्ट धरावे. पट्टीच्या मार्गात पट्टी आणि तिच्यामागच्या चकत्या मिळून हे साधते. थेट अँगलच्या मार्गात भिंत जिथे पुढे आली आहे तिथे ते साधत नाही. शक्य असेल तर नैर्ऋत्येकडची, पावसाचा मारा खाणारी बाहेरची भिंत सोडून माजघराची आतली भिंत निवडावी.

मोजमापासाठी कपाटाच्या दोन्ही कडांच्या जागी ओळंबा सोडून वर, मध्ये आणि खाली भिंतीचे अंतर घ्यावे. फरक सेंटीमीटरभर असेल तर चकती घालून अँगलही चालतो. त्याहून अधिक, पाच सेंटीमीटरपर्यंत असेल तर पट्टी घ्यावी. आणि त्याच्याही पुढे असेल तर दुसरी भिंत शोधावी.

ड्रिल हॅमरवर न ठेवता साध्या फिरकीवर चालवावे, कारण ठोक्याने जांभ्याचे कण निखळून भोक मोठे होते. प्लग गिलाव्याच्या पलीकडे, चिऱ्यात किमान दोन इंच गेला पाहिजे. गिलाव्यात अडकलेला प्लग ही केवळ शोभा. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नये. समुद्राजवळच्या गावांत पिवळे झिंकचे स्क्रू लवकर गंजतात. थोडे महाग पडले तरी स्टेनलेस स्टीलचे, आणि अगदी किनाऱ्यावर खाऱ्या हवेत अधिक टिकणाऱ्या 316 प्रतीच्या स्टेनलेसचे घ्यावेत. कपाटाच्या बाजूने स्क्रू नेहमी वरच्या किंवा बाजूच्या जाड फळीत घ्यावा. पाठीची पातळ प्लाय ओढ सहन करत नाही, आणि बहुतेक घरांत चूक नेमकी इथे होते. हे काम दिवाळीनंतर, भिंत कोरडी झाल्यावर काढावे, आणि पुढच्या वर्षी गणपती आटोपले की प्रत्येक स्क्रू एकदा आवळून पाहावा.