डिफिब्रिलेटर निवडताना : बटण कोण दाबणार?

कुठला डिफिब्रिलेटर, म्हणजे बिघडलेला ताल मोडायला हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र, घ्यावा असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो : वेळ येईल तेव्हा बटण दाबायला कोण असेल? डॉक्टर, शेजारी उभा असलेला कुणीही, की कुणीच नाही? ज्यूल (म्हणजे शॉकची ऊर्जा), बॅटरी, स्क्रीन हे सगळं त्यानंतर.

काम सगळ्यांचं एकच. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतात. रक्त पुढे जात नाही आणि माणूस काही सेकंदांत कोसळतो. यंत्रातला कॅपॅसिटर काही मिलिसेकंदांत छातीतून वीज सोडतो, बहुतेक पेशी एकदम गप्प होतात आणि हृदयाच्या स्वतःच्या पेसमेकरला, म्हणजे ठोके सुरू करणाऱ्या पेशींना, पुन्हा ताल धरायची संधी मिळते. म्हणजे शॉक हृदय चालू करत नाही, गोंधळ बंद करतो. म्हणून मॉनिटरवर सरळ रेघ असेल तर शॉकचा उपयोग नाही, सिनेमात काहीही दाखवोत.

डॉक्टर हजर असतील तर मॅन्युअल यंत्र. ईसीजी वाचून किती ज्यूल द्यायचे ते माणूस ठरवतो, आणि ठोक्याशी जुळवून शॉक देणं किंवा बाहेरून पेसिंग, म्हणजे विजेच्या हलक्या झटक्यांनी ठोके चालवणं, हेही त्यावर जमतं. ईसीजी वाचणारा नसेल तर ते निव्वळ ओझं. जुना मोनोफेजिक, म्हणजे एकाच दिशेने प्रवाह सोडणारा, कुणी फुकट दिला तरी मी घेणार नाही : त्याला 360 ज्यूल लागतात, तर बायफेजिकचं काम साधारण 120 ते 200 मध्ये होतं, कारण त्यात प्रवाह एका दिशेने जाऊन लगेच उलटा फिरतो.

सोसायटी, ऑफिस, शाळा यांच्यासाठी एईडीच, म्हणजे कुणालाही वापरता येईल असा स्वयंचलित डिफिब्रिलेटर. ताल ते स्वतः तपासतं आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही, त्यामुळे ‘चुकून कुणाला मारलं तर’ ही भीती सोडा. खरा घोळ सेमी-ऑटोमॅटिक की फुली ऑटोमॅटिक असा होतो. सेमीमध्ये बटण आपण दाबायचं, फुलीमध्ये यंत्र सूचना देऊन स्वतःच शॉक देतं. एका प्रशिक्षणात मी पाहिलं, पुतळ्याच्या छातीवर पॅड लागले, बटण लुकलुकायला लागलं, आणि एक धडधाकट गृहस्थ बोट अधांतरी धरून विचारत राहिले, ‘दाबू? खरंच दाबू?’ पुतळाच होता तो! अशी माणसं जास्त असतील तर फुली घ्या. चारजण हे यंत्र वापरायला शिकलेले असतील तर माझं मत सेमीला, कारण कुणाचा हात रुग्णावर नाही ना, हे पाहून मगच बटण दाबता येतं.

मॉडेलपेक्षा जागा महत्त्वाची. सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) आणि शॉक मिळाला नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. कुलूपबंद कपाटातलं यंत्र म्हणजे नसल्यातच जमा. पॅडची मुदत कुणीतरी पाहत राहायला हवं, कारण आतली जेल वाळते. सोबत कात्री, रेझर आणि छाती पुसायला फडकं ठेवा. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळे पॅड किंवा स्विच असतो. तो नसेल तर मोठ्यांचेच पॅड, एक छातीवर आणि एक पाठीवर.

बटण दाबायला कुणी नसेल अशांसाठी शरीरात बसवायचा, स्वतःच शॉक देणारा डिफिब्रिलेटर, म्हणजे आयसीडी. पहिला 1980 मध्ये बसवला गेला. नेहमीच्या प्रकारात वायर शिरेतून हृदयात जाते. त्याचा मोठा फायदा असा की जलद ताल सुरू झाला की आधी तो भराभर पेसिंग करून, न दुखवता, ताल मोडायला बघतो. ठोके मंद पडले तरी सांभाळतो. दुखणं वायरचं : ती तुटू शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि वर्षांनंतर काढणं जोखमीचं. त्वचेखालच्या प्रकारात हृदयात काहीच जात नाही, म्हणून तरुण किंवा आधी संसर्ग झालेल्या रुग्णांना तो बरा. पण तो असं पेसिंग करत नाही, आणि 80 ज्यूल देणारा असल्याने डबीही मोठी. पेसिंग लागणार असेल तर तो बाद. अलीकडे छातीच्या हाडामागे वायर ठेवणारा मधला मार्गही आलाय.

हार्ट अटॅकनंतर आयसीडीचा निर्णय बहुधा निदान 40 दिवस थांबवतात, कारण हृदय सावरू शकतं. त्या काळापुरतं अंगात घालायचं, गरज पडली तर शॉक देणारं जॅकेट मिळतं. आंघोळ सोडून रात्रंदिवस घालायचं. खुंटीवर लटकलेलं जॅकेट कुणाला वाचवत नाही.

आयसीडी नको, घरी एईडी ठेवू, असं काहीजण म्हणतात. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या, पण आयसीडीची गरज नसलेल्या 7,001 रुग्णांवरची चाचणी 2008 मध्ये प्रसिद्ध झाली. घरी एईडी ठेवल्याने मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. घरातले अनेक प्रसंग कुणी पाहिलेच नव्हते. रात्री दोनला शेजारचा माणूसही झोपलेलाच असतो.