मेम्ब्रेन रिअ‍ॅक्टर: अकरा महिन्यांनंतर

जुलैतल्या एका सकाळी आमच्या मेम्ब्रेन रिअ‍ॅक्टरच्या कोल्ड ट्रॅपची (व्हॅक्यूम पंपाआधी वाफ थंड करून पकडणारी) काचेची बाटली उचलली आणि पोटात गोळा आला. रोज तिच्यात नितळ पाणी असतं. त्या दिवशी पाण्यावर दोन बोटं जाड तेलकट थर तरंगत होता, आणि शेडभर पिकल्या केळ्यांचा वास. माझा आयसोअमाइल ॲसिटेट हा एस्टर, म्हणजे विकायचा माल, पंपाकडे ओढला जात होता.

आमचं छोटं युनिट बेळगावजवळ मच्छेत. चिकोडी-अथणीकडच्या डिस्टिलऱ्यांचं फ्यूजेल ऑइल (दारू गाळताना वेगळं निघणारं जड अल्कोहोलांचं मिश्रण) घ्यायचं, त्यातून आयसोअमाइल अल्कोहोल काढायचं आणि ॲसेटिक ॲसिड घालून एस्टर करायचा. बारा वर्षं हे केटलमध्ये सल्फ्युरिक टाकून केलं. अल्कोहोल आणि ॲसिडचे समान मोल (म्हणजे रेणू सारख्याच संख्येने) घेतले तर रिअ‍ॅक्शन दोन तृतीयांशाच्या आसपास अडते, पाणी काढत राहिलं तरच पुढे सरकते. 130 किलो एस्टरमागे पाणी निघतं फक्त 18 किलो, पण तेवढ्यासाठी अख्खी केटल उकळत ठेवायची. वाफेचा तो खर्च मला खुपायचा, म्हणून हे मशीन, म्हणजे रिअ‍ॅक्शन चालू असतानाच पाणी गाळून काढणारा मेम्ब्रेन रिअ‍ॅक्टर, घेतलं.

काम साधं आहे. मिश्रण अ‍ॅम्बरलिस्ट-15 च्या (सल्फ्युरिकचं काम करणारं घन रेझिन) गोळ्यांतून फिरतं, मग सिरॅमिक नळ्यांवरून जातं; या नळ्या म्हणजेच मेम्ब्रेन. नळ्यांच्या आत व्हॅक्यूम, त्यामुळे 85 अंशांवर पाणी भिंतीतून आत खेचलं जातं आणि एस्टर बाहेर राहतो. नळ्या निवडताना एकच सांगतो: अल्कोहोल सुकवणाऱ्या 4ए झिओलाइटच्या घेऊ नका. ॲसिडमध्ये त्यातलं ॲल्युमिनियम सुटतं आणि जाळीच मोडते. आम्ही हायब्रिड सिलिकाच्या घेतल्या.

पहिले आठ महिने मी भेटेल त्याला याचं कौतुक सांगत होतो. सल्फ्युरिक नाही, त्यामुळे सोड्याने धुणं नाही, काळपट माल नाही. आणि मग तो जुलै.

सप्लायरचा इंजिनिअर आला, बाटली बघितली आणि म्हणाला, मेम्ब्रेन गेलं, सगळ्या नळ्या बदला. वॉरंटीत बसत नाही. कोटेशन मशीनच्या किमतीच्या निम्मं! त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यात पंपाच्या एक्झॉस्टचा वास मागच्या आंब्यावरच्या आग्यामोहोळापर्यंत गेला. मधमाशी डंख मारताना इशाऱ्याचा जो वास सोडते, त्यात मुख्य हेच रसायन असतं. दोन पोरांना डसल्या. एक्झॉस्टला कंडेन्सर त्याच दिवशी लावायला हवा होता, तो मी नंतर लावला.

दुसऱ्या दिवशी मॉड्यूल, म्हणजे नळ्यांचं कवच, उघडलं, एक नळी टोकाच्या रिंगसकट पाण्यात बुडवली आणि हलका नायट्रोजन दिला. नळीच्या अंगावर एक बुडबुडा नाही. सगळे रिंगपाशी. ओ-रिंग काढली तर ती फुगून मऊ झालेली, नखाने दाबलं की वळ राहायचा, खोबणीत परत बसेचना.

ती रिंग खिशात घालून उद्यमबागेत गेलो. तिथे हायड्रॉलिक सिलिंडर करणारे एक मामा आहेत. त्यांनी बोटांत फिरवून वास घेतला आणि म्हणाले, "साहेब, थिनर लागतं तिथं व्हायटन घालत नाहीत ओ." खरंच, थिनरमध्ये एस्टरच असतात आणि व्हायटन, म्हणजे ओ-रिंगचं ते रबर, एस्टरमध्ये फुगतं. लाखोंच्या मशीनला कंपनीने तीच रिंग दिली होती. मला फ्लक्स (नळीतून किती पाणी जातं) दाखवला, सिलेक्टिव्हिटीचे (एस्टर सोडून पाणीच किती नेमकं जातं) आलेख दाखवले, रिंगबद्दल चकार शब्द नाही.

मामांनी ग्लास भरलेल्या टेफ्लॉनच्या रिंगा लेथवर करून दिल्या, सगळ्या मिळून 2,800 रुपये. बाटलीत पुन्हा नितळ पाणी. नळ्या त्याच, जुन्याच.

पण टेफ्लॉनचीही एक खोड आहे. दाबाखाली ते हळूहळू सरकतं, रबरासारखं परत उसळत नाही. शिवाय स्टीलचं कवच तापलं की आतल्या ॲल्युमिना नळीच्या सुमारे दुपटीने पसरतं, आणि हा सगळा ताण रिंगवर येतो. म्हणून दर सोमवारी, मशीन थंड असताना, टॉर्क रेंचने नट तपासतो. लाइट गेली की फार घाईने परत तापवत नाही, सिरॅमिक तडकतं. सलग चालणारं मशीन म्हणून घेतलं, पण आमच्याकडच्या लाइटीवर ते आठवड्यात दोनदा तरी थांबतंच.

तरी केटलकडे परत जाणार नाही. दिवाळीनंतर दुसरं मॉड्यूल घेतोय, ऑर्डरची पहिली ओळ सीलच्या मटेरियलची असेल. आगाऊ पैसे देण्याआधी नमुन्याची रिंग मागवून आठ दिवस माझ्याच एस्टरमध्ये, 85 अंशांवर बुडवून ठेवणार आहे.