अनबाउंड: ऑफिसच्या जुन्या पीसीवर स्वतःचा डीएनएस

नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या छोट्या युनिटमध्ये किंवा शरणपूर रोडवरच्या सीएच्या ऑफिसात दहा-पंधरा मशीन एकाच ब्रॉडबँडवर असतात. स्पीड टेस्ट चांगली येते, तरी संध्याकाळी पेज उघडायलाच वेळ लागतो. खोळंबा बऱ्याचदा डीएनएसमध्ये असतो, म्हणजे साइटच्या नावावरून आयपी पत्ता मिळण्यात. एनएलनेट लॅब्जचं अनबाउंड यावर उत्तम आहे. हे सॉफ्टवेअर ऑफिसातल्याच पीसीवर बसून नावांचे पत्ते स्वतः शोधतं आणि लक्षात ठेवतं. फुकट आहे आणि ओपन सोर्सही. डाउनलोडचा वेग मात्र त्याने वाढत नाही.

उबंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल अनबाउंड' एवढं पुरतं. मूळ सेटिंगमध्ये ते फक्त त्याच मशीनला, १२७.०.०.१ वर, उत्तर देतं. सगळ्या ऑफिसला द्यायचं तर सेटिंगच्या फाइलमध्ये 'इंटरफेस'पुढे त्या पीसीचा स्थिर लॅन पत्ता टाका. ०.०.०.० (म्हणजे मशीनचे सगळे पत्ते) टाकलंत तर उबंटूचं स्वतःचं डीएनएस सॉफ्टवेअर, सिस्टमडी-रिझॉल्व्ड, आधीच १२७.०.०.५३ वर डीएनएसचं पोर्ट ५३ धरून बसलेलं असतं आणि 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' येतं. कोणाला उत्तर द्यायचं हे ठरवणाऱ्या ॲक्सेस-कंट्रोलमध्ये ऑफिसचं नेटवर्क, उदाहरणार्थ १९२.१६८.१.०/२४, अलाऊ करायचं राहिलं, तर बाकीच्या मशीनना 'रिफ्यूज्ड' मिळेल. शेवटी राउटरच्या डीएचसीपीत (मशीनना पत्ते वाटणारी सोय) डीएनएस म्हणून हाच पत्ता द्या.

मिळालेली उत्तरं साठवणाऱ्या दोन कॅशे मुळात ४-४ एमबी असतात. मेसेज कॅशे (उत्तरांची) १६ आणि आरआरसेट कॅशे (त्यातल्या नोंदींची) ३२ एमबी केली की छोट्या ऑफिसला भरपूर होते. दुसरी पहिलीच्या दुप्पट ठेवायची. प्रीफेच चालू करा: नोंदीची मुदत शेवटच्या १० टक्क्यांत आली असताना कोणी ते नाव विचारलं, तर ती मागच्या मागे ताजी होते. मुदत संपलेलं उत्तरही देणारं सर्व्ह-एक्स्पायर्ड चालू ठेवा, मुदत ८६४०० सेकंद. लाइन डळमळली तरी जुनं उत्तर हाताशी राहतं. 'डिग' या डीएनएस तपासायच्या कमांडने तेच नाव दोनदा विचारून पाहा; दुसऱ्या वेळी क्वेरी टाइम ० मिलिसेकंद दिसला पाहिजे.

खरी डोकेदुखी घड्याळाची. पावसाळ्यात लाइट गेली, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असला, की पीसी जुन्या तारखेवर उठतो. मग डीएनएससेकच्या सह्या (उत्तर खरं आहे हे पटवणाऱ्या डिजिटल सह्या) अवैध ठरतात आणि सह्या असलेल्या प्रत्येक डोमेनला 'सर्व्हफेल' ही चूक येते. सह्यांची साखळी थेट रूटपासून, म्हणजे डीएनएसच्या सगळ्यांत वरच्या पायरीपासून, सुरू होत असल्याने जवळपास काहीच उघडत नाही. वेळ दुरुस्त करणाऱ्या एनटीपी सर्व्हरचं नावही सापडत नाही, त्यामुळे घड्याळ आपोआप सुधारत नाही. सेल बदला आणि एक एनटीपी सर्व्हर नावाऐवजी आयपीने द्या. हे न करता अनबाउंड बसवूच नये. रीस्टार्टला कॅशेही पुसली जाते, तेव्हा पीसी यूपीएसवर हवा.

काही ब्रॉडबँडवाले पोर्ट ५३ वाटेतच वळवतात. तपासायला डिगने १९२.०.२.१ ला एखादं नाव विचारा. हा पत्ता फक्त उदाहरणांसाठी राखीव आहे, तिथे सर्व्हर नाही. तरी उत्तर आलं, तर लाइन वळवलेली आहे. मग रूटपासून स्वतः शोधायचा आग्रह सोडा आणि पोर्ट ८५३ वरून, टीएलएसने (म्हणजे एन्क्रिप्ट करून), क्वाड९ या सार्वजनिक डीएनएसच्या ९.९.९.९ कडे फॉरवर्ड करा. टीएलएस-सर्ट-बंडलचा (प्रमाणपत्रांच्या फाइलचा) पाथ न विसरता द्या, नाहीतर समोरच्या सर्व्हरची ओळख पडताळता येत नाही.

ब्राउझरमध्ये वेगळा 'सिक्योर डीएनएस' निवडलेला असेल, तर तो अनबाउंडला वगळून बाहेर जातो. तो बंद करा. सतत हॉटेलच्या वायफायवर फिरणाऱ्या लॅपटॉपवर मात्र हे बसवू नका, तिथलं लॉगिन पेज बऱ्याचदा उघडतच नाही.