मस्कतजवळचं ‘अल मुनासिर’: आठ महिने, चौदा डाइव्ह

ऑक्टोबरात स्कूबा डायव्हिंगसाठी पहिल्यांदा बोटीच्या दोरीला धरून खाली उतरलो, तेव्हा सुरुवातीला जहाज दिसलंच नाही. हिरवट पाणी होतं आणि पायाखाली काळसर सावली. हळूहळू त्या सावलीला कड आली, कडेला कठडा आला, आणि कळलं की आपण एका जहाजाच्या डोक्यावर उतरतोय. तेव्हापासून मेपर्यंत याच जहाजावर चौदा वेळा गेलो. नोकरीसाठी मस्कतला असलेले बरेच मराठी लोक विचारतात, ‘नवशिक्याला जमेल का?’ त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी जहाजाबद्दल. ‘अल मुनासिर’ हे ओमानच्या नौदलाचं. इंग्लंडमध्ये लोवेस्टॉफ्टला बांधलेलं, ८४ मीटर लांबीचं, किनाऱ्याला लागून रणगाडे आणि ट्रक उतरवणारं जहाज. २००३ साली नौदलानेच ते मस्कतजवळच्या बंदर खैरानपाशी मुद्दाम बुडवलं, प्रवाळ आणि मासे यांना घर मिळावं म्हणून. वादळात फुटलेलं जहाज वेगळं आणि हे वेगळं. बुडवण्याआधी ते डायव्हरसाठी तयार केलेलं होतं, खोल्यांना आतबाहेर करायला वाटा आहेत. वाळूवर ते सरळ बसलंय, तळ साधारण ३० मीटरवर आणि सगळ्यात वरचा भाग १० मीटरच्या आसपास.

माझ्या मते नवशिक्याची खरी सोय या शेवटच्या आकड्यात आहे. जहाज उथळ नाही, पण ते जिन्यासारखं आहे. ज्याला जितकं झेपतं तितक्याच पायऱ्या त्याने उतरायच्या. प्राथमिक ओपन वॉटर प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर, आणि तेवढ्यात ब्रिज (जिथून जहाज चालवतात ती वरची खोली), वरचे मजले, कठडे, शिड्या एवढं सगळं मिळतं की एका सिलिंडरमध्ये पाहून होत नाही. मी पहिल्या सहा डाइव्हमध्ये १८ च्या खाली गेलो नाही आणि काही चुकलं असं एकदाही वाटलं नाही.

खाली जायची घाई केली की काय होतं ते हवेच्या हिशेबात दिसतं. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, २० ला तिप्पट, ३० ला चौपट. श्वास तेवढाच घेतला तरी सिलिंडर त्या पटीत रिकामा होतो. शिवाय नायट्रोजनचं गणित असतं: खोलवर तो अंगात मुरत जातो, म्हणून तिथे थांबायच्या वेळेला मर्यादा असते. शिकाऊ डायव्हर जो तक्ता वापरतात त्यात साध्या हवेवर १८ मीटरला ५६ मिनिटं मिळतात, ३० मीटरला फक्त २०. माझी पहिली डाइव्ह एकतीस मिनिटांत संपली, कारण मी घाबरून भराभर श्वास घेत होतो. आता त्याच भागात, तेवढ्याच सिलिंडरवर पन्नास मिनिटं आरामात होतात. बाकी काही बदललं नाही, फक्त हातपाय मारणं थांबलं.

आता एक वाईट अनुभव. आठव्या डाइव्हला गटाच्या गाइडने आम्हा चौघांना खालच्या एका खोलीत नेलं. दार रुंद होतं, पलीकडचा उजेड दिसत होता, म्हणून मीही मागोमाग गेलो. आत जमिनीवर बारीक गाळाचा थर होता. पुढच्याच्या पायातले फिन्स (पोहायची वल्ही) त्याला लागले आणि दोन-तीन सेकंदांत दुधासारखं पांढरं झालं. स्वतःच्या मनगटावरचा, खोली आणि वेळ दाखवणारा कॉम्प्युटर दिसेना. मी भिंतीवर हात टेकवून तसाच थांबलो, श्वास मोजले आणि उजेडाची कड दिसल्यावर बाहेर आलो. सगळे सुखरूप निघाले. बोटीवर कोणी त्यावर बोललं नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. त्या डायव्हिंग केंद्राकडे परत गेलो नाही. आता बुकिंग करतानाच स्पष्ट विचारतो: आत नेणार का, गटात किती जण, प्रत्येकाच्या किती डाइव्ह झाल्यात? याची सरळ उत्तरं देणारे लोक मस्कतला आहेत. जहाज तयार करून बुडवलंय म्हणजे आत जाणं सोपं, हा समज मनातून काढून टाका. वाटा केल्या तरी वीस वर्षांचा गाळ कोणी काढलेला नाही. वेगळं प्रशिक्षण होईपर्यंत दारातून टॉर्च मारून बघायचं आणि पुढे सरकायचं.

टॉर्च मात्र दिवसासुद्धा न्याच. पाण्यात लाल रंग आधी नाहीसा होतो, म्हणून दहा मीटरवर सगळं निळं-राखाडी दिसतं. टॉर्च मारला की तोच गंजका कठडा जांभळ्या-गुलाबी मऊ प्रवाळांनी भरलेला निघतो. मी पहिल्या तीन डाइव्ह टॉर्चशिवाय केल्या, म्हणजे तीन वेळा हे जहाज मला अर्धंच दिसलं.

ऋतूंचं म्हणाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. फेब्रुवारीत दोनदा पाणी शेवाळाने हिरवंगार झालं होतं, हाताच्या अंतरापलीकडे काही दिसेना. मेमध्ये वर कोमट आणि बारा-तेरा मीटरखाली अचानक गार पाण्याचा थर लागला. सूट पातळ असेल तर तिथे दात वाजतात. ५ मिलिमीटरचा सूट घ्या.

माशांबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तो प्रश्न मला सिंधुदुर्गातल्या निवतीहून आला. माझे काका तिकडे मासेमारी करतात. आपल्या नौदलाचं निवृत्त जहाज ‘गुलदार’ तिथे असंच मुद्दाम बुडवणार हे ऐकल्यापासून त्यांचा फोनवर एकच प्रश्न: “तिकडे मासो वाढता, की खयसून येवन नुसतो जमता रे?” काकांनी जे विचारलं त्यावर सागरी शास्त्रज्ञही अनेक वर्षं वाद घालत आहेत, आणि चौदा डाइव्ह करून मी तो सोडवू शकत नाही. जे पाहिलं तेवढं त्यांना सांगितलं. तांबोशाच्या जातीचे थवे ब्रिजभोवती कायम असतात. वाम प्रत्येक पाइपात तोंड काढून बसलेली. वाळूवर पाकट. गोबरे मोठे आहेत, आणि पिल्लंही दिसतात, कठड्याच्या सांदीत बोटाएवढी. ती पिल्लं इथेच मोठी होतायत की नाही हे सांगता येत नाही, पण त्यांना लपायला जागा आहे एवढं नक्की. आणि हेही सांगितलं की जहाजाच्या एका बाजूला जाळं अडकलेलं पाहिलं, त्यात मेलेला मासा होता. काका बराच वेळ गप्प बसले. जाळं अडकणं म्हणजे काय ते त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

‘गुलदार’ आणि ‘अल मुनासिर’ यांची जात एकच. ‘गुलदार’ पोलंडमध्ये बांधलेली, १९८५ साली आपल्या नौदलात आली, जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली. तीही किनाऱ्यावर फौज आणि गाड्या उतरवणारी, लांबीही जवळपास तेवढीच. २०२५ मध्ये कारवारला ती महाराष्ट्र पर्यटन महामंडळाच्या ताब्यात आली. म्हणून मला इथला अनुभव तिकडे उपयोगी पडेल असं मनापासून वाटतं. मालवणला किल्ल्याजवळ गाइड हात धरून जे डायव्हिंग करवतात तो छान अनुभव असतो, माझीही सुरुवात तिथेच झाली. पण त्याच्या जोरावर कोणाला जहाजाच्या आत नेऊ नये. तारकर्लीला महामंडळाचीच प्रशिक्षण संस्था आहे. आधी तिथे चार दिवस द्या, कानांवरचा दाब साधायला, मास्कमधलं पाणी काढायला आणि पाण्यात एका जागी स्थिर राहायला शिका. मग जहाजाचा वरचा मजला तुमचा. निवतीला मच्छीमारांना खुणेचे बोये कुठे टाकणार, जाळी कुठे टाकता येणार नाहीत, हे आधी विचारलं जावं, ही काकांची मागणी मला पूर्ण पटते.

डिसेंबरात काका पंधरा दिवस माझ्याकडे येतायत. वय एकसष्ट, आयुष्य समुद्रावर गेलं, पण पाण्याखाली डोळे उघडून कधी बघितलेलं नाही. आधी डॉक्टरांकडून तपासणी, मग उथळ खाडीत दोन दिवस सराव, असं ठरवलंय. जहाजापर्यंत ते पोहोचतील की नाही ते तेव्हा बघू. बोटीवर बसून वरून तरी दाखवीन. त्या आठवड्याची शुक्रवारची सकाळची बोट आत्ताच सांगून ठेवलीय.